‘सागरमाता’ डॉ. कॅथलीन ड्र्यू-बेकर : लाल शैवालाचे रहस्य उलगडणारे जीवन

दरवर्षी १४ एप्रिल रोजी भारतभर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती साजरी होत असते. त्याच दिवशी जपानच्या क्युशू बेटावरील उटो या शहरात एक वेगळाच सोहळा पार पडतो. आरिआके समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या सुमियोशी देवस्थानाच्या परिसरात समुद्रशैवालाची शेती करणारे नागरिक एकत्र येतात आणि तेथील स्मारकासमोर नतमस्तक होतात. हे स्मारक कोणा जपानी राजाचे किंवा सेनानीचे नाही. ते आहे डॉ. कॅथलीन ड्र्यू-बेकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञेचे. जपानमध्ये त्यांना ‘सागरमाता’ म्हणून ओळखले जाते. विशेष म्हणजे या सागरमातेने आपल्या हयातीत कधीही जपानच्या भूमीवर पाऊल ठेवले नव्हते.

कॅथलीन मेरी ड्र्यू यांचा जन्म ६ नोव्हेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातील ली या गावी झाला. त्यांचे शालेय शिक्षण दक्षिण इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे झाले. वनस्पतिशास्त्राची ओढ त्यांना शाळेतच लागली होती. शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी मँचेस्टर विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९२२ साली वनस्पतिशास्त्रात प्रथम श्रेणीत पदवी संपादन केली. उच्च शिक्षण घेणाऱ्या महिलांची संख्या तेव्हा ब्रिटनमध्येही थोडी होती आणि विज्ञान शाखेत प्रथम श्रेणी मिळविणाऱ्या महिला तर त्याहून कमी होत्या. पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळविली. दरम्यान याच विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या अध्यापिका म्हणून त्या रुजू झाल्या होत्या.

त्यांनी अभ्यासासाठी निवडलेला विषय होता लाल शैवाल. समुद्रातील शैवालांचे हिरवे, तपकिरी आणि लाल असे तीन ठळक गट मानले जातात. लाल शैवालाला त्याचा रंग फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्यामुळे प्राप्त होतो. पाण्यात खोलवर पोहोचणारा निळा-हिरवा प्रकाश हे रंगद्रव्य शोषून घेते, त्यामुळे जेथे इतर वनस्पतींना उजेड अपुरा पडतो तेथेही अनेक लाल शैवाले तग धरतात. मात्र या गटाचे जीवनचक्र अतिशय गुंतागुंतीचे असते. एकाच वनस्पतीच्या दोन अवस्था परस्परांपासून इतक्या भिन्न दिसतात की, अनेकदा त्यांना दोन स्वतंत्र वनस्पती समजून दोन वेगवेगळी नावे देण्यात आली. हा गुंता सोडविणे हेच कॅथलीन ड्र्यू यांच्या आयुष्याचे कार्य ठरणार होते.

१९२५ साली त्यांना कॉमनवेल्थ पाठ्यवृत्ती मिळाली. या पाठ्यवृत्तीवर त्यांनी अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दोन वर्षे संशोधन केले. या काळात वनस्पतींचे नमुने गोळा करण्यासाठी त्यांनी हवाई बेटांचाही प्रवास केला. लाल शैवालातील काही सूक्ष्म, तंतुमय प्रजातींची फेरतपासणी करणारा त्यांचा प्रबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. एक उदयोन्मुख संशोधिका म्हणून त्यांचे नाव आता घेतले जाऊ लागले होते.

विवाह झाला, नोकरी गेली

१९२८ हेच वर्ष त्यांच्या आयुष्यात आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी त्यांचा विवाह हेन्री राइट-बेकर यांच्याशी झाला. हेन्री हे अभियांत्रिकी विषयाचे अध्यापक होते. विवाहित महिलांना नोकरीवर न ठेवण्याचे धोरण त्या काळी मँचेस्टर विद्यापीठात होते. परिणामी डॉ. बेकर यांना अध्यापिकेचे पद गमवावे लागले. त्यांची विद्वत्ता तीच होती, काम तेच होते, प्रयोगशाळाही तीच होती. बदलले होते ते केवळ त्यांचे आडनाव.

अशा प्रसंगी अनेकींचे संशोधन तेथेच थांबले. डॉ. बेकर यांनी मात्र काम सोडले नाही. त्याच विद्यापीठातील अपुष्प वनस्पतींच्या प्रयोगशाळेत त्या मानद, म्हणजेच बिनपगारी, संशोधिका म्हणून काम करू लागल्या. एक मुलगी आणि एक मुलगा अशा दोन अपत्यांचे संगोपन करीत त्यांनी आपला अभ्यास सुरू ठेवला. १९३९ साली मँचेस्टर विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी प्रदान केली. पगार देण्याची ज्या विद्यापीठाची तयारी नव्हती, त्यालाच त्यांच्या विद्वत्तेवर आपली मोहोर उमटवावी लागली. आपल्या कारकिर्दीत त्यांनी ४७ शोधनिबंध प्रसिद्ध केले. त्यांपैकी बहुतेक लाल शैवालाविषयी होते.

काचेच्या टाकीतील समुद्र

मँचेस्टर हे समुद्रकाठचे शहर नव्हे. समुद्रशैवालाचा अभ्यास तेथे करावयाचा तर समुद्रच प्रयोगशाळेत आणणे भाग होते. आज घरी सागरी मत्स्यपेटी ठेवणाऱ्या हौशी व्यक्तींना ज्या अडचणी येतात, त्याच अडचणी त्यांच्यासमोरही होत्या. पाण्याची क्षारता कायम राखणे, तापमान वाढू न देणे, प्रकाश ना कमी ना जास्त ठेवणे, पाणी खेळते ठेवणे आणि नको असलेल्या सूक्ष्म जीवांची वाढ रोखणे, या साऱ्याची तजवीज करावी लागत होती.

त्यातही त्यांच्या अभ्यासाची वनस्पती अधिकच हट्टी होती. पॉर्फिरा नावाचे हे लाल शैवाल भरती आणि ओहोटी यांच्या मधल्या पट्ट्यातील खडकांवर वाढते. दिवसातून काही तास ते पाण्याखाली असते, तर काही तास उघड्यावर वाळत पडते. केवळ पाण्याने भरलेली टाकी अशा वनस्पतीला पुरेशी नव्हती. ही उणीव हेन्री राइट-बेकर यांनी भरून काढली. आपल्या अभियांत्रिकी कौशल्याचा उपयोग करून त्यांनी पत्नीसाठी अशी टाकी तयार केली, की जिच्यातील पाण्याची पातळी भरती-ओहोटीप्रमाणे चढत आणि उतरत असे. पत्नीची नोकरी विवाहामुळे गेली होती. त्याच विवाहातून तिच्या संशोधनाला एक उपकरणही मिळाले.

पॉर्फिराच्या ज्या प्रजातीचा त्या अभ्यास करीत होत्या, तिचे शास्त्रीय नाव पॉर्फिरा अंबिलिकॅलिस असे आहे. ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स प्रांतात हे शैवाल पूर्वापार खाल्ले जाते. तेथे ते दीर्घकाळ शिजवून त्याचा लगदा करण्यात येतो. जपानमध्ये ‘नोरी’ या नावाने प्रसिद्ध असलेले खाद्य शैवाल याचेच जवळचे नातलग आहे. कागदासारख्या पातळ पत्र्यांच्या रूपात वाळविलेली नोरी भाताभोवती गुंडाळून खाण्याची पद्धत आता मुंबई, बंगळुरू आणि दिल्ली येथील उपाहारगृहांतही परिचित झाली आहे.

उन्हाळ्यात कोठे जाते हे शैवाल?

या शैवालाचे एक कोडे मात्र कोणालाही सुटलेले नव्हते. शरद ऋतूत त्याची कोवळी पाने खडकांवर दिसू लागत, हिवाळाभर ती वाढत आणि वसंत सरता सरता नाहीशी होत. उन्हाळ्यात त्यांचा मागमूसही राहत नसे. पुन्हा शरद ऋतू आला की, जणू शून्यातून ती अवतरत. मधल्या काळात ही वनस्पती कोठे असते, कोणत्या रूपात असते, याचे उत्तर वैज्ञानिकांकडे नव्हते.

इंग्लंडमध्ये हा अभ्यासाचा प्रश्न होता, तर जपानमध्ये तो पोटाचा प्रश्न होता. आठव्या शतकाच्या प्रारंभीच्या करपद्धतीत समुद्रशैवालाचा समावेश होता, इतकी तेथील ही परंपरा जुनी आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात बांबूच्या फांद्या रोवायच्या, पुढे पुढे जाळी बांधायची आणि त्यांवर शैवाल आपणहून उगवण्याची वाट पाहावयाची, अशी तेथील शेतीची रीत होती. बी कोठून येते हे माहीत नसल्याने पेरणी शेतकऱ्याच्या हाती नव्हती. एखाद्या वर्षी जाळी भरगच्च भरत, तर एखाद्या वर्षी ती तशीच रिकामी राहत. म्हणूनच या पिकाला जुगाऱ्याचे गवत असे म्हटले जाई. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत तर नोरीचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर घटले आणि किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांपुढे उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला.

शिंपल्यावरील गुलाबी डाग

या कोड्याचे उत्तर मँचेस्टरमधील टाकीत मिळाले. डॉ. बेकर यांनी पॉर्फिराच्या पानांतून बाहेर पडणारे बीजाणू समुद्राच्या पाण्यात वाढविण्याचे प्रयोग चालविले होते. हे बीजाणू रुजत, पण त्यांपासून पॉर्फिराचे पान तयार होत नसे. त्यातून निघत ते केवळ अत्यंत बारीक तंतू. या तंतूंना शिंपल्यांचा आधार मिळाला तेव्हा मात्र चित्र पालटले. बीजाणूंनी शिंपल्याच्या चुनखडीयुक्त कवचात शिरकाव केला आणि काही काळाने कवचावर गुलाबी रंगाचे डाग उमटले.

असे डाग वैज्ञानिकांना अपरिचित नव्हते. शिंपल्यांच्या कवचात राहणाऱ्या या गुलाबी तंतूंची १८९२ पासून एक स्वतंत्र वनस्पती म्हणून नोंद होती आणि तिला कॉन्कोसेलिस रोझिया असे नाव देण्यात आले होते. डॉ. बेकर यांनी ओळखले की, ही दुसरी कोणतीही वनस्पती नसून पॉर्फिराचीच दुसरी अवस्था आहे. उन्हाळ्यात हे शैवाल नाहीसे होत नव्हते. ते समुद्रतळाच्या शिंपल्यांत, डोळ्यांना न दिसणाऱ्या रूपात, जिवंत राहत होते.

२९ ऑक्टोबर १९४९ रोजी ‘नेचर’ या विख्यात विज्ञान साप्ताहिकात त्यांचे हे संशोधन प्रसिद्ध झाले. ते अवघे दोन पानांचे होते. त्याचा सविस्तर वृत्तांत त्यांनी १९५४ मध्ये दुसऱ्या एका शोधनिबंधातून मांडला. खाद्य शैवाल पिकवून संपत्ती मिळविणे हा त्यामागील हेतू नव्हता. एका वनस्पतीचे संपूर्ण आयुष्य समजून घेणे, इतकाच तो होता.

इंग्लंडची टाकी, जपानची शेती

या संशोधनाचे मोल जपानमधील शास्त्रज्ञांनी तत्काळ जाणले. क्युशू विद्यापीठातील शैवालतज्ज्ञ सोकिची सेगावा यांनी डॉ. बेकर यांचे प्रयोग जपानी प्रजातींवर करून पाहिले आणि तेथेही तोच निष्कर्ष निघाला. शिंपल्यातील तंतूंपासून शरद ऋतूत जे बीजाणू बाहेर पडतात, त्यांपासूनच पॉर्फिराची पाने तयार होतात, हा या साखळीतील अखेरचा दुवाही जपानी संशोधकांनी काही वर्षांतच सिद्ध केला. दिवस लहान होऊ लागले आणि पाणी थंड झाले की हे बीजाणू सुटतात, हेही पुढे स्पष्ट झाले.

यानंतर प्रश्न होता तो हे ज्ञान किनाऱ्यापर्यंत नेण्याचा. कुमामोतो प्रांतातील मत्स्यसंशोधन केंद्रात काम करणारे फुसाओ ओता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिमरीत्या बीजाणू मिळवून ते जाळ्यांवर रुजविण्याची पद्धत विकसित केली. १९५३ पर्यंत या प्रयत्नांना यश आले. आता वसंत ऋतूच्या सुमारास टाक्यांमधील कालवांच्या शिंपल्यांवर बीजाणू सोडण्यात येऊ लागले. उन्हाळाभर शिंपल्यांत तंतू वाढवायचे, शरद ऋतूत त्यांतून सुटणारे बीजाणू जाळ्यांवर घ्यायचे आणि मग ती जाळी समुद्रात पसरायची, असा क्रम ठरला. पेरणी शेतकऱ्याच्या हाती आली. जे पीक दैवावर अवलंबून होते, ते हंगामाचे नियोजन करून घेता येऊ लागले आणि पुढील दशकांत जपानमधील नोरीचे उत्पादन अनेक पटींनी वाढले. चीन आणि दक्षिण कोरिया येथील मोठे नोरी उद्योगही याच जीवनचक्राच्या ज्ञानावर उभे आहेत.

स्मारक

ब्रिटनमधील शैवाल अभ्यासकांना एकत्र आणण्यातही डॉ. बेकर यांचा मोठा वाटा होता. १९५२ मध्ये ब्रिटिश शैवालशास्त्र संस्थेची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांमध्ये त्यांचा समावेश होता आणि पहिल्या अध्यक्षपदाचा मानही त्यांनाच मिळाला. पगारी पदाविना ज्यांनी दीर्घकाळ संशोधन केले, त्यांना त्यांच्या क्षेत्राने दिलेली ही सन्मानाची पावती होती.

१४ सप्टेंबर १९५७ रोजी, वयाच्या अवघ्या ५५व्या वर्षी, डॉ. कॅथलीन ड्र्यू-बेकर यांचे निधन झाले. आरिआके समुद्रात ओळीने लावलेली नोरीची जाळी त्यांनी प्रत्यक्ष कधीच पाहिली नाहीत. त्यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी, १९६३ मध्ये, जपानमधील शैवाल उत्पादकांनी वर्गणी गोळा करून उटो येथे त्यांचे स्मारक उभारले. त्या कामाला कोणत्याही सरकारी फर्मानाची गरज भासली नाही. ज्यांच्या घरची चूल या शोधामुळे पेटती राहिली, त्यांनीच ते केले.

आजच्या काळातील महत्त्व

डॉ. बेकर यांच्या शोधानंतर विज्ञान बरेच पुढे गेले आहे. जनुकीय अभ्यासाच्या आधारे २०११ साली पॉर्फिरा या प्रजातिसमूहाची फेररचना करण्यात आली आणि जपानी नोरीच्या प्रजातींना त्यातून वेगळे काढून नवी नावे देण्यात आली. डॉ. बेकर यांनी अभ्यासलेली ब्रिटिश प्रजाती मात्र पॉर्फिरा या जुन्याच नावाने ओळखली जाते. शिंपल्यातील अवस्थेलाही संशोधक आजवर कॉन्कोसेलिस असेच संबोधतात. आपल्या कोकण किनाऱ्यावरील खडकांवरही पावसाळ्याच्या दिवसांत पॉर्फिरा व्हिएतनामेन्सिस ही या कुळातील प्रजाती आढळते आणि भारतीय संशोधकांनी तिचा अभ्यास केला आहे.

सागरी मत्स्यपेटीत लाल शैवाल वाढविण्याचा छंद अलीकडे अनेकांनी जोपासला आहे. ग्रासिलारिया यांसारखी शैवाले पाण्यातील नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून घेतात, काही माशांना खाद्य पुरवितात आणि पेटीची शोभाही वाढवितात. अशा छांदिष्टांसाठी डॉ. बेकर यांच्या शोधात एक मोलाचा धडा दडलेला आहे. शैवालाचा तुकडा, दगड किंवा शिंपला कितीही स्वच्छ दिसला, तरी त्याच्यासोबत दुसऱ्या एखाद्या जीवाची सूक्ष्म अवस्था येऊ शकते. यासाठीच नव्याने आणलेले शैवाल थेट मुख्य पेटीत न सोडता काही आठवडे वेगळ्या टाकीत विलगीकरणात ठेवणे, भिंगातून त्याची तपासणी करणे आणि त्यावर वाढलेले परके शैवाल तसेच जीवजंतू काढून टाकणे श्रेयस्कर ठरते. नको असलेले शैवाल समुद्रात किंवा ओढ्यानाल्यांत टाकणेही कटाक्षाने टाळले पाहिजे.

ही खबरदारी केवळ घरगुती पेटीपुरती मर्यादित नाही. कप्पाफायकस हे लाल शैवाल लागवडीसाठी १९९०च्या दशकात भारतात आणले गेले आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अनेक कुटुंबांना, विशेषतः महिलांना, त्यातून रोजगार मिळाला. मात्र मन्नारच्या आखातातील क्रुसडै बेटाजवळ हेच शैवाल प्रवाळांवर पसरल्याचे २००८ मध्ये संशोधकांनी निदर्शनास आणून दिले. परकी प्रजाती आणताना तिच्या जीवनचक्राचे पूर्ण ज्ञान आणि पुरेसे विलगीकरण किती आवश्यक असते, हे यावरून स्पष्ट होते.

समुद्रापासून दूर असलेल्या एका शहरात, बिनपगारी पदावर काम करणाऱ्या महिलेने शिंपल्यावरील गुलाबी डागाकडे बारकाईने पाहिले. त्या पाहण्याचे ऋण हजारो मैल दूरच्या किनाऱ्यावरील माणसे आजही विसरलेली नाहीत. हंगाम सरत आला की ते उटोच्या स्मारकापाशी जमतात. त्यानंतर जाळी गुंडाळली जातात, समुद्र मोकळा होतो आणि टाक्यांमधील शिंपल्यांत पुढच्या वर्षीचे पीक निःशब्दपणे वाढू लागते.